आधी हेड नोड उठला पाहिजे

जानेवारी २०२४ मध्ये आमच्या विभागात क्लस्टरसाठी, म्हणजे मोठी गणितं एकत्र मिळून करणाऱ्या संगणकांच्या ताफ्यासाठी, सोळा नवे सर्व्हर आले. पहिला आठवडा खोकी कुठे रचायची यातच गेला. दुसऱ्या आठवड्यात मशीन रॅकमध्ये चढल्या, वायरमनने लाइन ओढून दिली, आणि मी मोठ्या ऐटीत जुन्या मास्टरवर, म्हणजे बाकीच्यांना चालवणाऱ्या हेड नोडवर, नवी मशीन दाखल करून घेणारं ‘इन्सर्ट-ईथर्स’ चालू करून पहिल्या नव्या मशीनचं बटण दाबलं. पंखे घोंघावले, कंपनीचा लोगो आला, आणि त्यानंतर स्क्रीनवर काहीही आलं नाही. अर्धा तास मी वायरी काढून पुन्हा घातल्या. शेजारी उभ्या असलेल्या संशोधक विद्यार्थ्यांपैकी एकाने हळूच विचारलं, “सर, चालू आहे ना ते?”

मी पुण्यापासून चार-पाच तासांवरच्या एका विद्यापीठात विज्ञान शाखेचा क्लस्टर सांभाळतो. कागदावरचं पद वेगळंच आहे. प्रत्यक्षात प्रोजेक्टर बंद पडला तरी फोन मलाच येतो. क्लस्टर म्हणजे चोवीस जुने नोड (गणित करणारी मशीन), एक मास्टर, एक स्टोरेज आणि आता हे सोळा नवे. त्यावर गौसियन, ग्रोमॅक्स, क्वांटम एस्प्रेसो ही रेणू-पदार्थांची गणितं करणारी सॉफ्टवेअर आणि काही प्राध्यापकांचे स्वतःचे फोरट्रान प्रोग्रॅम चालतात.

जुना क्लस्टर रॉक्सवर होता. रॉक्स म्हणजे सॅन डिएगोच्या सुपरकॉम्प्युटर सेंटरमध्ये २००० च्या सुमारास तयार झालेलं, क्लस्टरसाठीचं लिनक्स वितरण. माझ्या आधी इथे असलेल्या सरांनी ते बसवलं होतं. त्याची रीत मला मनापासून आवडायची: नोड नेटवर्कवरून बूट करायचा, मास्टर त्याचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डचा ओळखक्रमांक) टिपून घेतो, नाव देतो आणि त्याच्या डिस्कवर सगळी सिस्टिम उतरवतो. नोड वेड्यासारखा वागायला लागला, तर कारण शोधत बसायचं नाही, सरळ पुन्हा इन्स्टॉल करायचा. पण आमचं रॉक्स होतं सहाव्या आवृत्तीचं, म्हणजे खाली सेंटओएस ६ ही लिनक्स, तिचा गाभा म्हणजे कर्नल २.६.३२. त्या सेंटओएसचा पाठिंबाच ३० नोव्हेंबर २०२० ला संपलेला. नव्या मशीनचं नेटवर्क कार्ड त्या कर्नलच्या जन्मानंतर कित्येक वर्षांनी बाजारात आलेलं, आणि बूट फक्त यूईएफआय या नव्या पद्धतीने. ओळख पटणार कशी?

थोडक्यात, सगळाच पाया बदलायचा होता. कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं हे ठरवायला विभागाने समिती नेमली. समितीत तीन प्राध्यापक, स्टोअरचे एक अधिकारी आणि मी.

पहिल्या बैठकीत स्टोअरच्या साहेबांनी तीन कोटेशन मागितली. मी म्हणालो, यातली बरीचशी सॉफ्टवेअर फुकट आहेत. ते म्हणाले, “असू देत, पण तुलनात्मक तक्ता लागेल ना. एल-वन कोण ते कळायला पाहिजे.” शून्य रुपयांची तीन कोटेशन समोर ठेवून त्यातलं सर्वांत कमी कुठलं, यावर आम्ही पंधरा मिनिटं गांभीर्याने बोललो. शेवटी ठरलं, खरेदीच नाही म्हणजे खरेदीची फाइलही नाही. मी फक्त एक कार्यालयीन टिपणी लिहायची आणि विभागप्रमुखांनी तिच्यावर सही करायची.

दुसरे एक सर म्हणाले, “पुण्यात परम केलं ना सीडॅकने, त्यांच्याकडे जे असेल ते घ्या.” महाराष्ट्रात क्लस्टर म्हटलं की परम निघणारच. १९९१ चा परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर पुण्याचाच, आणि नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत चौथी आलेली ‘एका’ ही मशीनही पुण्यातलीच. पण तिथल्या यंत्रणांमागे माणसांची फौज असते. आमच्याकडे मी एक, आणि ‘कमवा व शिका’मधून दिवसाला दोन-तीन तास येणारी एमएससीची एक विद्यार्थिनी. म्हणजे मनुष्यबळ दीड. त्या बैठकीत मी हे बोललो नाही, पण पुढे माझी निवड याच आकड्यावर ठरली.

आता पर्याय. रॉक्सचीच सातवी आवृत्ती हा सर्वांत सोपा मोह होता. हात बसलेला, आज्ञा पाठ. पण ती डिसेंबर २०१७ ची आणि सेंटओएस ७ वर उभी, आणि सेंटओएस ७ ३० जून २०२४ ला संपणार होतं. पाच महिन्यांसाठी नवं घर कोण बांधतं?

ब्राइट क्लस्टर मॅनेजर या विकतच्या सॉफ्टवेअरचं प्रात्यक्षिक मी ऑनलाइन पाहिलं. २०२२ च्या जानेवारीत ते एनव्हिडियाने विकत घेतलं, आता ते बेस कमांड मॅनेजर या नावाने येतं. खोटं कशाला बोलू, पाहताना जीव लागला. सगळं एका खिडकीत, नोडवर टिचकी मारा, इमेज बदला, तापमान पाहा. पण आमचा पैसा प्रकल्पातून येतो आणि प्रकल्पाबरोबर संपतो. यूपीएसच्या बॅटरीची एएमसी (वार्षिक देखभाल करार) वेळेवर नूतनीकरण झाल्याचं मला आठवत नाही. तिथे सॉफ्टवेअरच्या वार्षिक परवान्याची फाइल दरवर्षी नेमक्या वेळी वर-खाली फिरेल, यावर माझा विश्वास बसेना.

कॉबलर, फोरमन आणि कॅनॉनिकलचं मास ही तिन्ही मी वाचून सोडली. ती वाईट नाहीत, पण त्यांचा संसार मोठा आहे. वेब सर्व्हर, डेटाबेस, ऑफिसची यंत्रं असं सगळं सांभाळणाऱ्यांसाठी ती आहेत. मला चाळीस एकसारखे डबे एकसारखे उठायला हवे होते. किकस्टार्ट आणि ॲन्सिबल ही आपोआप इन्स्टॉल आणि मांडणी करणारी साधनं जोडून आपलं आपणच काहीतरी रचावं, असाही एक विचार दोन रात्री डोक्यात होता. तो सोडला, कारण मी नोकरी बदलली किंवा पाय मोडून घरी बसलो तर ते माझ्यामागे कोणाला उलगडणार नाही.

उरले दोन. एक्सकॅट आणि वेअरवुल्फ.

एक्सकॅट आयबीएममध्ये जन्माला आलेलं, पुढे मुक्त केलेलं, आणि भल्याभल्या यंत्रांना उठवलेलं. त्याच्या ताकदीबद्दल शंकाच नाही. डिस्कवर इन्स्टॉल करायचं असो की डिस्कशिवाय चालवायचं, दोन्ही येतं. अडचण वेगळीच होती. २०२३ मध्ये त्याच्या मूळ विकासकांनी जाहीर केलं होतं की १ डिसेंबर २०२३ नंतर आपण थांबणार. नंतर काही मंडळी ते पुढे चालवायला एकत्र आली, पण मी निवड करत होतो तेव्हा चित्र धूसर होतं.

वेअरवुल्फ २००१ मध्ये बर्कले प्रयोगशाळेत ग्रेगरी कर्ट्झर यांनी सुरू केलं. सेंटओएसच्या उभारणीत असलेले आणि पुढे रॉकी लिनक्स सुरू करणारे तेच हे. नावातलं ‘वुल्फ’ पाहून १९९४ चा नासामधला बेओवुल्फ आठवतो, स्टर्लिंग आणि बेकर यांनी साध्या ४८६ मशीन जोडून केलेला सोळा नोडांचा क्लस्टर. आपण सगळे त्याच कुळातले. वेअरवुल्फची चौथी आवृत्ती गो भाषेत नव्याने लिहिली आहे आणि तिची कल्पना सोपी आहे. नोडची सिस्टिम म्हणजे मास्टरवरची एक फोल्डरभर इमेज, कंटेनरसारखी. नोड बूट होताना ती नेटवर्कवरून ओढतो आणि थेट रॅममध्ये उघडून चालू होतो. डिस्कला हातही लावत नाही. प्रत्येक नोडचं जे वेगळेपण असतं, म्हणजे नाव, आयपी, फाइल कुठून माउंट करायची, ते ‘ओव्हरले’ नावाच्या पातळ थरातून वर चढतं. त्यातला एक थर बूटच्या वेळी लागतो, दुसरा चालू नोडवर दर मिनिटाला ताजा होतो.

ऐकायला छान. पण ऐकून निवड करायची नाही, एवढं रॉक्सच्या दहा वर्षांनी शिकवलं होतं.

प्रयोगशाळेतल्या एका लांब टेबलावर मी तीन बाद डेस्कटॉप, एक जुना सर्व्हर आणि आठ पोर्टचा साधा स्विच मांडला. दोन्ही सॉफ्टवेअरसाठी तीनच परीक्षा ठरवल्या. रिकाम्या नोडपासून तो जॉब घ्यायला तयार होईपर्यंत किती वेळ लागतो? चालू नोडची वायर उपटली तर काय होतं? आणि तिसरी, माझ्या मते खरी परीक्षा: मी लिहिलेली दोन पानं त्या विद्यार्थिनीच्या हातात द्यायची, बाहेर चहाला जायचं, आणि परत येईपर्यंत तिला नवा नोड जोडता आला का ते पाहायचं.

पहिल्या परीक्षेत दोघांत फारसा फरक नव्हता. दुसऱ्यातही डिस्कशिवाय चालवलं तर दोन्हीकडे सारखंच. तिसऱ्या परीक्षेत मात्र गंमत झाली. एक्सकॅटमध्ये माहिती तक्त्यांत राहते. नोड घातला की होस्टची फाइल बनवा, मग डीएनएस (नावांची यादी), मग डीएचसीपी (मशीनला नेटवर्कवरचा पत्ता देणारी सेवा), मग नोडला इमेज नेमून द्या. तिला चार वेळा मला फोन करावा लागला, त्यातला एक नाव सापडत नाही म्हणून आणि दुसरा डीएचसीपीची आज्ञा राहून गेली म्हणून. माझी टिपणं कच्ची होती, हे मान्य. वेअरवुल्फमध्ये सगळे नोड एका साध्या मजकुराच्या फाइलीत दिसतात. मी कँटीनमधून परतलो तर ती मोबाइल बघत बसली होती.

“झालं?”

“हो सर. तुमच्या कागदावर एक ओळ जास्तीची आहे, ती मी खोडली.”

याच टेबलावर पुढच्या आठवड्यात एक प्रसंग घडला.

तीन डेस्कटॉपपैकी तिसऱ्याचा पॉवर सप्लाय उडाला होता. वेअरवुल्फमध्ये एखाद्या नोडला ‘शोधण्याजोगा’ अशी खूण करून ठेवता येते. मग जे पहिलं अनोळखी यंत्र नेटवर्कवरून बूट मागेल, त्याला तो नोड म्हणून दाखल करून घेतो. मी तिसऱ्या नोडला अशी खूण करून, डेस्कटॉप दुरुस्त होऊन येईल तेव्हा बघू म्हणून घरी गेलो. संध्याकाळी झाडलोट करताना आमच्या मामांना टेबलाखाली लोंबणारी एक नेटवर्क वायर दिसली. इतकी वर्षं विभागात काढलेला माणूस, निगुतीचा. त्यांनी ती भिंतीतल्या सॉकेटमध्ये नीट खुपसून दिली.

सकाळी पावणेअकराला ऑफिसमधून फोन. “सर, लवकर या. कॉम्प्युटर हॅक झालाय.” मी धावत गेलो. विभागाच्या हेडक्लार्कच्या टेबलावर काळी स्क्रीन, पांढरी अक्षरं: सी-०३ लॉगिन. त्यांच्या पीसीत कधीकाळी कोणीतरी नेटवर्क बूट सगळ्यांत वर ठेवलं होतं. विद्यापीठाच्या डीएचसीपीच्या आधी माझ्या टेबलावरच्या सर्व्हरने उत्तर दिलं, आणि पगारपत्रकाचा पीसी आमच्या क्लस्टरचा तिसरा नोड झाला. कामांची रांग लावणाऱ्या स्लर्मच्या यादीतही तो ‘आयडल’, म्हणजे कामाला मोकळा, दिसत होता, हे मी कोणाला सांगितलं नाही.

हेडक्लार्क घामाघूम झाले होते. “माझी फेब्रुवारीची बिलं?” मी वायर काढली, पीसी पुन्हा चालू केला, बूटचा क्रम बदलला. विंडोज जशीच्या तशी वर आली, बिलंही जागच्या जागी. सगळा खेळ रॅममध्ये झाला होता, डिस्कला स्पर्शही नव्हता. खुर्चीत टेकल्यावर मला खरा घाम फुटला. त्या जागी रॉक्सचं इन्सर्ट-ईथर्स चालू राहिलं असतं, तर त्याने इमानेइतबारे त्या डिस्कवर नवी लिनक्स चढवली असती. मामांना मी काही बोललो नाही, चूक माझी होती. भिंतीतल्या सॉकेटवर मात्र चिकटपट्टी लावली.

टिपणी त्याच दुपारी लिहिली. एक पानाची. शिफारस: रॉकी लिनक्स ९, वेअरवुल्फ ४, कामांच्या रांगेसाठी स्लर्म, आणि जमेल तिथे ओपनएचपीसीची तयार पॅकेजं. ओपनएचपीसी हा लिनक्स फाउंडेशनचा २०१५ पासूनचा प्रकल्प. त्यांच्या मार्गदर्शिकेबरोबर सगळ्या आज्ञा एकत्र केलेली स्क्रिप्टही मिळते, आणि ती नुसती वाचली तरी क्लस्टर कसा बांधतात ते कळतं. ‘उपलब्ध मनुष्यबळ’ या रकान्यात मी खरंच ‘दीड’ लिहिलं. विभागप्रमुखांनी त्याखाली रेघ ओढली आणि सही केली.

टेबलावर जमलेलं रॅकमध्ये जमत नाही, हा धडा मार्चमध्ये मिळाला. तेच सॉफ्टवेअर, तीच इमेज, पण नवे नोड डीएचसीपीची वाट पाहून हात टेकायचे. मधूनच एखादा उठायचा, ज्यामुळे मी आणखी चक्रावलो. फायरवॉल पाहिली, इमेज पुन्हा बांधली, बायोस अद्ययावत केला. दोन दिवस गेले. शेवटी स्विचच्या दिव्यांकडे पाहताना लक्षात आलं की नोड चालू झाल्यावर त्या पोर्टचा दिवा तब्बल अर्धा मिनिट केशरी राहतो आणि मग हिरवा होतो. टेबलावरचा स्विच आठ पोर्टचा, अडाणी. वायर लागली की डेटा सोडायचा. रॅकमधला स्विच शहाणा. नेटवर्कमध्ये कुठे वळसा पडला नाही ना याची खात्री स्पॅनिंग ट्रीने करून घेतो आणि मगच पोर्ट उघडतो. तोवर बूट रॉम उत्तराची वाट पाहून कंटाळलेला असतो. नोडांचे पोर्ट ‘एज’ म्हणून घोषित केले आणि सोळाच्या सोळा मशीन एका दमात उठल्या. एवढ्यासाठी दोन दिवस!

जॉब मात्र चालेनात. स्लर्मची ओळखपत्रं मंज नावाचा प्रोग्रॅम तपासतो, आणि इमेजमधल्या मंजच्या खात्याचा क्रमांक मास्टरवरच्यापेक्षा वेगळा होता. खाती जुळवून घ्यायची आज्ञा वेअरवुल्फमध्येच आहे. मी ती वाचली होती आणि विसरलो होतो. दहा मिनिटांचं काम.

मग आले विद्यार्थी. जुन्या क्लस्टरवर रांगेसाठी सन ग्रिड इंजिन होतं, जॉब पाठवायला बोटांना ‘क्यूसब’ची सवय. ‘एसबॅच’ लिहायला लागतंय म्हणून जेवढी कुरकुर झाली, तेवढी बाकी कशावरही झाली नाही. जवळजवळ चाळीस नोडांचा पाया उखडून नवा घातला याचं कोणालाही काही वाटलं नाही.

रॅममध्ये चालणाऱ्या नोडची खरी किंमत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कळली. रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थ्याचे गौसियनचे जॉब जुन्या नोडांवर सात-आठ तास चालून मरायचे. मेमरी संपली, असं लॉग म्हणायचा. तो म्हणे, “सर, मी चाळीस जीबीच मागतो, नोडमध्ये चौसष्ट आहेत.” हिशोब बरोबर होता. मग त्याची स्क्रिप्ट पाहिली. तात्पुरत्या फाइलींसाठी त्याने ‘/टीएमपी’ दिलं होतं. जुन्या क्लस्टरवर ते डिस्कवर असायचं. आता नोडची सगळी मूळ फाइल सिस्टिमच रॅममध्ये, त्यामुळे ‘/टीएमपी’मध्ये लिहिलेला प्रत्येक जीबी मेमरीतून जातो. बिचारा स्वतःच्याच पायाखालची सतरंजी ओढत होता.

नोडांमधल्या डिस्क रिकाम्या पडल्या होत्याच. त्यांवर ‘/स्क्रॅच’ तयार केलं, गौसियनला तिकडे वळवलं. मग इमेजलाही कात्री लावली. मी हौसेने तिच्यात कंपायलर, एमपीआय, पायथॉनची पोतडी असं सगळं भरलं होतं, चार जीबीच्या वर. ते सगळं उचलून एनएफएसवरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवलं. इमेज सव्वा जीबीवर आली. बूटही जलद झालं. इमेजमध्ये काय असावं याचा माझा नियम आता साधा आहे: जे नसलं तर नोड उठणार नाही किंवा नेटवर्क चालणार नाही, तेवढंच. इन्फिनिबँड या जलद नेटवर्कचा ड्रायव्हर आत, ग्रोमॅक्स बाहेर.

आणि मग वीज.

टिपणीत मी विजेबद्दल एक ओळही लिहिली नव्हती. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, लाइट गेली. डीजी (जनरेटर) सुरू व्हायला हवा होता, डिझेल नव्हतं. आमचा यूपीएस मास्टर आणि स्टोरेजच धरतो, तोही वीस मिनिटं. पावणेदोन तासांनी वीज आली आणि चाळीसच्या चाळीस नोड एकदम जागे झाले, कारण बायोसमध्ये ‘वीज आल्यावर पूर्वीच्या स्थितीत जा’ असं होतं. एमसीबी पडला. वायरमनला बोलावून तो उचलला, पुन्हा सगळे एकदम उठले. या वेळी एमसीबी टिकला, पण मास्टर अजून स्वतःच्या डिस्क तपासत बसला होता. नोडांनी डीएचसीपीला हाक मारली, आतून कोणी ओ दिली नाही. वेअरवुल्फवरचे सगळे नोड ‘बूट करायला काही नाही’ असा संदेश दाखवत बसून राहिले. मी प्रत्येकासमोर जाऊन बटण दाबत फिरलो. डिस्कवर सिस्टिम असलेले रॉक्सचे नोड अशा वेळी मास्टरची वाट न पाहता निदान आपल्या पायावर उभे राहायचे. तेव्हा त्यांची आठवण आली, हे नाकारत नाही.

त्या संध्याकाळी सगळ्या नोडांचं बायोस बदललं: वीज आली तरी बंदच राहायचं. उठवायचं काम मास्टरचं. मास्टर वर आला, स्टोरेज माउंट झालं, डीएचसीपी आणि वेअरवुल्फ चालू झाले, याची खात्री करून एक छोटी स्क्रिप्ट आयपीएमआयवरून (नेटवर्कवरून मशीन चालू-बंद करायची सोय) चार-चार नोड चालू करते, मध्ये वीस सेकंद थांबून. पहिल्या चाचणीत तीही अडखळली. वीज पूर्ण गेली की नोडांमधले बीएमसीही (या आज्ञा ऐकणाऱ्या छोट्या चिप) बंद होतात आणि परत बोलू लागायला थोडा वेळ घेतात. म्हणून आता स्क्रिप्ट आधी बीएमसीला हाक मारते आणि ओ आली की पुढे जाते.

शिवाय पाच-सहा जुन्या नोडांच्या घड्याळाच्या बॅटऱ्या संपल्या होत्या. वीज गेली की ते थेट कित्येक वर्षं मागे जायचे. मंजचं ओळखपत्र पाच मिनिटांत शिळं होतं, त्यामुळे भूतकाळात जागा झालेला नोड मास्टरला परका. इमेजमध्येच घड्याळ जुळवणाऱ्या क्रोनीला सांगून ठेवलं, उठल्या उठल्या वेळ एका उडीत दुरुस्त कर. बॅटऱ्यांचा मागणी अर्जही दिला आहे. तो स्टोअरमध्ये आहे.

मेच्या मध्यावर वळवाचा पाऊस आला आणि विद्यापीठाचा फीडर रात्री साडेनऊला गेला. मी चुलतभावाच्या लग्नासाठी गावी, हळदीच्या मांडवात. फोन वाजला, ती विद्यार्थिनी.

“सर, लाइट आलीय. मी डिपार्टमेंटला येऊन बसलेय. हेड नोड उठतोय.”

“नोडांना हात लावू नकोस.”

“नाहीच लावत. तुमची स्क्रिप्ट चाललीय, बारा झाले.” मग थोडं थांबून, “सर, मागे ढोल कसला वाजतोय?”

अर्ध्या तासाने तिने स्क्रीनचा फोटो पाठवला. सदतीस नोड ‘आयडल’, एक ‘डाउन’. डाउन असलेल्याचा पंखा फिरत होता पण स्क्रीन काळी, म्हणजे मदरबोर्ड किंवा रॅम, आणि ते सकाळी पाहायला हरकत नव्हती. मी जेवायच्या पंगतीत जाऊन बसलो.

चाळीसमधले अडतीसच का, हेही सांगतो. जुना रॉक्सचा मास्टर आणि त्याचे दोन नोड अजून टेबलाखाली चालू आहेत. एका ज्येष्ठ सरांचा फोरट्रान प्रोग्रॅम तिथेच कंपाइल केलेला आहे. त्या कंपायलरचा परवाना कधीच संपला, आणि मूळ कोड ज्या विद्यार्थ्याकडे होता तो जर्मनीत पोस्टडॉक करतो आणि ‘शोधून पाठवतो’ म्हणतो. कंटेनरमध्ये सेंटओएस ६ उभं करून तो चालवून पाहू, असं मी दोनदा सुचवलं. सर दर वेळी म्हणतात, “एवढा रन संपू दे.” एक रन एकोणीस दिवसांचा असतो, आणि तो संपायच्या आदल्या दिवशी ते पुढचा लावतात. मास्टरवर विद्यार्थिनीने कागद चिकटवला आहे: ‘हात लावू नये’. खाली मामांनी पेनने लिहिलंय, ‘वायरलासुद्धा’.